डेकखालची झाडलेली वाळू

दुबईत लाकडाचं काम करते असं सांगितलं की भारतातले नातेवाईक आधी हसतात आणि मग विचारतात, वाळवंटात लाकूड कुठलं? शारजात आमच्याकडे राहायला आलेल्या मावशीने मला फर्निचरच्या दुकानात सेल्सगर्ल ठरवून टाकलं आणि डोंबिवलीला परत गेल्यावर सगळीकडे तेच सांगितलं. मी खुलासा केला नाही. माणसांचे गैरसमज दूर करणं मला जमत नाही. लाकडाचा गेलेला रंग परत आणणं जमतं, आणि ते मी बरीच वर्षं करते आहे.

तर खुलासा आता करते. जुमेराच्या बाजूला समुद्राला लागून व्हिला आहेत. त्यांच्या मागच्या अंगणात बरेचदा लाकडी डेक असतो. डेक म्हणजे खांबांवर आडवी तुळवटं टाकून त्यावर फळ्या ठोकलेला मोठा ओटा. थंडीच्या दिवसांत लोक त्यावर खुर्च्या टाकून बसतात. भोवती लाकडी कुंपण. इथलं ऊन, खारी हवा आणि ऑगस्टमधली वाफ यांनी हे लाकूड थोड्याच उन्हाळ्यांत करडं पडतं. मालकाला वाटतं, मेलं. पण ती करडी साल कागदाइतकी पातळ असते. ते मशीनच्या पाण्याने धुवायचं, सौम्य ॲसिडने काळपटपणा उतरवायचा, वाळलं की घासायचं आणि मग तेल पाजायचं. पाजायचं असंच आम्ही म्हणतो, कारण लाकूड तेल पिताना दिसतं.

आमचे मालक लोपीस अंकल वसईचे. तरुणपणी बोटीवर सुतार होते, नंतर शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांनी स्वतःची शेड घेतली. माझे वडील बर दुबई भागात एका कापडाच्या दुकानाचे हिशेब बघायचे, तिथली त्यांची ओळख. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कॉलेज संपवून घरी बसले होते, तेव्हा अंकलनी मला माझ्या इंग्लिशसाठी नोकरीवर घेतलं. त्यांचं म्हणणं, त्यांचं इंग्लिश ऐकून मॅडम लोक भाव पाडतात; मी इंग्लिश स्कूलची, मी बोलायचं. त्यांना एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मी इंग्लिशमध्येही बोलत नसे आणि मराठीतही. शाळेच्या रिपोर्ट कार्डवर दर वर्षी तेवढाच शेरा असायचा.

भाव कसा काढायचा ते मी त्यांच्या पिकअपमध्ये बसून शिकले. भाव चौरस फुटावर असतो, पण तो फक्त बोलायला. डेकच्या सपाट भागाला वेळ कमी लागतो, कठड्याला आणि पायऱ्यांना जास्त. ऊन कुठून येतं, पाण्याचा नळ किती लांब आहे, ॲसिडपासून कुठली झाडं झाकायची, हे सगळं भावात धरायचं. उन्हाळ्यात माणसं सकाळीच काम करू शकतात, तेही धरायचं. कुंपणाला दोन बाजू असतात आणि गिऱ्हाईक एकच दाखवतं. दुसरी शेजाऱ्याच्या अंगणातून दिसते, आणि शेजाऱ्याशी भांडण असेल तर ती बाजू फुकट करून द्यावी अशी अपेक्षा असते. मी घरी भाव सांगितला की आई मोठ्याने त्याला दहाने गुणायची आणि म्हणायची, एक फूट फळी पुसायला साठ रुपये?

सवलत अंकल देत नसत. गिऱ्हाईक रंगाच्या फरकावरून कुरकुर करायला लागलं, ही फळी फिकट, ती गडद, की अंकलचं एक ठरलेलं वाक्य होतं. “मॅडम, धिस इज वूड, नॉट पेंट.” एवढं म्हणून ते बिल पुढे सरकवायचे.

काम सुरू करण्याआधी आम्ही एका कोपऱ्यात हातभर तुकडा साफ करून दाखवतो. एका निवृत्त कॅप्टनच्या घरी असा तुकडा केला. म्हातारा आला, चष्मा लावून बघितलं आणि आमच्यावर ओरडायला लागला. आम्ही त्याची जुनी फळी काढून तिथे नवीन बसवली, असा त्याचा आरोप होता. पोलिसांना बोलवायला निघाला. शेवटी अंकलनी त्याला गुडघ्यावर बसवून गंजलेले जुने खिळे दाखवले. तो बराच वेळ फळीवरून हात फिरवत बसला. मग त्याने विचारलं, हे इतकी वर्षं खाली असंच होतं? मी त्या दिवशी घरी येऊन आईला ही गोष्ट सांगितली. मी आपणहून काही सांगितलं याचाच तिला धक्का बसला.

अंकलचे दोन नियम होते. पहिला, डेकचा भाव वरून बघून सांगायचा नाही. वरून सुंदर दिसणारा डेक खालून कुजलेला असतो आणि वरून मेलेला खालून ठणठणीत. अंकलचं पोट त्यांना खाली जाऊ देत नसे, त्यामुळे खाली सरपटत जायचं काम माझ्याकडे आलं. पिकअपमध्ये एक जुनी जीन्स, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर ठेवलेला असायचा. स्क्रूड्रायव्हर लाकडात टोचायचा. टोक आत गेलं तर ते लाकूड गेलं. मला ते काम आवडायला लागलं. डेकखाली कुणी तुमच्याशी बोलत नाही.

दुसरा नियम मला आवडत नसे. ज्याने खालून बघितलं, त्यानेच गिऱ्हाइकाशी बोलायचं.

एका फेब्रुवारीत मिसेस कोल नावाच्या इंग्रज बाईंचा फोन आला. समुद्राकडचा जुना व्हिला, भाड्याचा. डेक खूप मोठा आणि अगदी चांदीसारखा करडा. खर्च घरमालक करणार होते, पण कोटेशन बाईंनी मागवायचं होतं. चहा देताना त्या बागेचं कौतुक करत होत्या. घरमालकाचा माळी फार चांगला आहे म्हणाल्या, आम्ही उठायच्या आत झाडांना पाणी घालून जातो, आजवर दोनदाच दिसला असेल. त्यांची दोन मुलं डेकवर उड्या मारत होती आणि एका बाजूला, बाहेरच्या शॉवरजवळ, फळ्या दबत होत्या. मी अंकलकडे बघितलं. त्यांनी हनुवटीने खाली इशारा केला.

जमीन समुद्राकडे उतरती होती, त्यामुळे डेकची बाहेरची बाजू चांगलीच उंच होती. खाली लाकडी जाळी आणि पाइपांसाठी ठेवलेला एक छोटा दरवाजा. मी आत गेले. डेकखाली नेहमी एक वास असतो, ओल्या लाकडाचा आणि मांजरांचा. इथे साबणाचा वास होता. मी टॉर्च खाली धरला आणि तशीच थांबले. वाळू झाडलेली होती. खराट्याच्या रेघा एकसारख्या, शेजारी शेजारी, आई कोकणातल्या अंगणाबद्दल सांगते तशा. पुढे एक गुंडाळलेली चटई, किटली, ट्रान्झिस्टर, दोरीवर वाळत घातलेला सदरा. डोक्यावरच्या शेजारशेजारच्या दोन फळ्यांवर कोळशाने काढलेले दोन बाण, जवळजवळ उलट्या दिशांना. एक मक्केचा असणार हे कळलं. दुसरा आधी चुकून काढला असेल असं वाटलं.

मग टॉर्चच्या उजेडात दोन पाय आले.

माझ्या तोंडून “आई गं” निघालं. किंचाळी यायला हवी होती, पण माझा आवाज असल्या वेळी आतच राहतो.

“घाबरू नको गे बाय,” अंधारातून आवाज आला. “मराठी काय तू?”

मी हो म्हटलं. जुमेराच्या एका डेकखाली, हातात स्क्रूड्रायव्हर धरून, मी एका अनोळखी माणसाला अगदी शहाण्या मुलीसारखं हो म्हटलं.

तो पांढऱ्या दाढीचा, हडकुळा माणूस होता. नाव कासम, गाव दाभोळच्या बाजूचं. वर अंकल आणि मिसेस कोल यांच्या पावलांचा आवाज येत होता आणि तो खालच्या आवाजात भराभर सांगत होता. तो बड्या अरबाबचा माणूस. अरबाब म्हणजे मालक. त्यांच्या लाकडी गलबतावर आधी खलाशी, मग या घरात माळी. हा डेकही त्याच्यासमोर बांधला गेला. अरबाब वारले. कासम कंपनीच्या हजेरीपटावर कधीच नव्हता, घरचा माणूस होता. पासपोर्ट अरबाबच्या ऑफिसात. तिथला मॅनेजर आधी म्हणाला ‘बुकरा’, उद्या ये. असे बरेच उद्या झाले. विसा संपला. मग मॅनेजरने दम दिला, परत दिसलास तर पोलिसांना सांगेन. मधल्या काळात हे घर रिकामं होतं, तेव्हा तो डेकखाली येऊन राहिला. मग भाडेकरू आले. तो पहाटे झाडांना पाणी घालून परत खाली यायचा. अरबाबचा मुलगा यूसुफ आता मालक होता.

“त्याला पोहायला मी शिकवलं,” कासमचाचा म्हणाला. “आता मोठा झाला तो. त्याच्याच ऑफिसातनं मला हाकललंन.”

मी विचारलं, “मी आता वर जाऊन काय सांगू?” हा प्रश्न त्यालाच विचारणं वेडेपणाचं होतं, पण दुसरं कुणी तिथे नव्हतं.

तो म्हणाला, “शॉवरकडचे खांब कुजलेत, ते सांग. पोरं नाचतात वर. मला सांगू नको.”

मी नाही सांगणार असं म्हटलं आणि बाहेर आले. मिसेस कोलनी माझ्या केसांतली वाळू बघून टॉवेल आणून दिला. शॉवरजवळचे खांब बदलावे लागतील, तोवर मुलांना तिकडे जाऊ देऊ नका, एवढं मी सांगितलं. अंकलनी पिकअपमध्ये विचारलं, साप होता का? मी नाही म्हटलं.

पुढचे काही दिवस ते कोटेशन माझ्या टेबलावर पडून होतं. खांब बदलायचे म्हणजे फळ्या उचलायच्या. फळ्या उचलल्या की तो माणूस उघड्यावर, आमच्या कामगारांसमोर, मिसेस कोलसमोर, आणि मग कुणीतरी फोन करणार आणि तो जेलमध्ये जाणार. खांब नाही बदलले तर मुलं खाली पडणार, त्याच्याच अंगावर. मी आडवा-उभा सगळा विचार केला आणि शेवटी असं कोटेशन बनवलं की अर्धा डेक उघडायचा, तो पुरा करून बंद करायचा, मग दुसरा अर्धा. मधे ताडपत्रीचा पडदा. म्हणजे चाचाला एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात सरकता येईल. मला त्या वेळी ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

अंकलनी कागद वाचला. चष्मा काढून परत वाचला.

“हे काय गं, नाटकाचे दोन अंक? मध्ये चहा-बिस्कीट पण ठेव.”

ते म्हणाले, आठवड्याचं काम तीन आठवड्यांवर नेलंस, कारण काय? मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, उठून शेडच्या ऑफिसचं दार लावलं आणि परत बसले. मी सांगून टाकलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, विसा नसलेला माणूस आत जातो आणि त्याला लपवणाराही. माझं लायसन्स जाईल, तुझ्या बापाचा विसा जाईल. मला वडील या गोष्टीत कुठे आहेत हे सुचलंच नव्हतं.

कोटेशन मात्र त्यांनी बदललं नाही. तसंच पाठवून दिलं.

तीन दिवसांनी यूसुफ साहेबांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. खाडीच्या पलीकडे देरामध्ये उंच इमारतीत ऑफिस होतं. आम्ही कोटेशन घेऊन गेलो. साहेब चाळिशीचे, अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, हिंदी अगदी मुंबईची. वडील गलबतं घेऊन मुंबईला जायचे, लहानपणी ते शिकले असणार. आम्हाला लहान कपांत कॉफी आली. साहेब खुशीत होते. बाग हिरवीगार ठेवलीय भाडेकरूंनी, म्हणाले, चांगला माळी ठेवलेला दिसतो. मी कपात बघत राहिले. त्यांनी कोटेशन चाळलं आणि हसून विचारलं, ये आधा-आधा क्या है?

अंकल म्हणाले, “नीचे इसने देखा है. ये बोलेगी.”

मी मनात पाठ करून आले होते. मिसेस कोलना डेकचा वापर करता यावा म्हणून, वगैरे. ते मी इंग्लिशमध्ये सांगितलं, अर्धं कॉफीच्या कपाला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागद टेबलावर ठेवला.

“इतना झंझट क्यों? पुराना है, सड़ गया है. जेसीबी लाएँगे, एक दिन में सब साफ, ऊपर सिमेंट और टाइल्स. यल्ला, खलास.” आणि त्यांनी फोनकडे हात नेला. दुसऱ्या एका साइटवर त्यांचं मशीन होतं, ते उद्या सकाळीच येऊ शकत होतं.

मी अंकलकडे बघितलं. अंकल भिंतीकडे बघत होते. मला त्यांचा फार राग आला, अजूनही आठवला की येतो. मी त्या माणसाला शब्द दिला होता. वडिलांचा विसा होता. आणि फोनवर साहेबांचं बोट नंबर लावत होतं.

“सर, मशीन मत भेजिए,” मी म्हटलं. “नीचे आदमी है.”

बोट थांबलं. “कौन आदमी?”

“कासम. दाभोळवाला. आपके फादर का.”

साहेबांनी रिसीव्हर ठेवला. त्यांचा चेहरा ओळखू येईना.

“कासम तो घर चला गया,” ते हळू म्हणाले. “मैंने मॅनेजर को टिकट के पैसे दिए थे. अपने हाथ से दिए थे.”

त्यांनी मॅनेजरला बोलावलं. ते अरबीत बोलले, मला कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. मॅनेजर एकदा जमिनीकडे, एकदा दाराकडे बघत होता. बाहेर गेला आणि एक निळा भारतीय पासपोर्ट घेऊन आला. साहेबांनी तो उघडला. फोटोतला माणूस काळ्या दाढीचा होता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं की जायला, हे मला आठवत नाही. आम्ही त्यांच्या मागे लिफ्टमध्ये होतो एवढं आठवतं.

त्यांची मोठी पांढरी गाडी पुढे आणि आमची पिकअप मागे. वाटेत अंकल एकच वाक्य बोलले. पोलिसांना फोन करायचा असता तर त्याने ऑफिसातूनच केला असता. ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मला एवढंच दिसत होतं की चाचा फटीतून ती गाडी बघणार आणि समजणार की मी सांगितलं.

मिसेस कोल दारात आल्या. साहेबांनी त्यांना नमस्कारही केला नाही, सरळ मागे गेले, मीही मागे. मी तो छोटा दरवाजा दाखवला. साहेब खाली बसले. आतून काहीच आवाज नव्हता. मग साहेबांनी डोक्यावरचं पांढरं कापड आणि काळी दोरी काढून माझ्या हातात दिली, कंदुरा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि सरपटत आत गेले.

आम्ही तिघं डेकवर उभे होतो. मिसेस कोल मला विचारत होत्या की घरमालक त्यांच्या डेकखाली काय करतायत. मी म्हटलं, तो माळी खाली राहतो; तुम्हाला तो त्यांचा वाटायचा आणि त्यांना तुमचा. बाई खुर्चीत बसल्या, आणि लगेच उठल्या, जणू ती खुर्ची कुणाच्या अंगावर ठेवली होती.

फळ्यांच्या फटींतून बराच वेळ फक्त एकच आवाज येत होता, साहेबांचा. मग चाचाचा आला. मला शब्द कळले नाहीत, अरबी आणि हिंदी मिसळलेलं होतं. एकदा चाचा चढ्या आवाजात बोलला, रागवावं तसं, आणि साहेब गप्प ऐकत होते. शेवटी दोघं बाहेर आले. साहेबांच्या पांढऱ्या कपड्यावर गुडघ्यांपाशी वाळू होती आणि डोळे लाल होते. चाचाने माझ्याकडे बघितलं.

“सांगितलंस गे,” तो म्हणाला.

मी साहेबांच्या हातात त्यांचं कापड आणि दोरी परत दिली. जेसीबीचं सांगता आलं असतं. ते साहेबांनी नंतर सांगितलं म्हणे.

डेक राहणार असं ठरलं. चाचाला साहेब स्वतःच्या घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांचा शेडवर फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल. त्यांनी अंकलना विचारलं, आता अर्धं-अर्धं करायची गरज नाही, तर भाव किती कमी होईल? मी सुन्न होऊन ऐकत होते. अंकल मात्र खूश झाले. त्यांच्या मते आता माणूस ताळ्यावर आला होता. त्यांनी काम तीन आठवड्यांवरून एका आठवड्यावर आणलं, त्याची मजुरी कमी केली आणि त्यापुढे एक दिरहम सोडला नाही.

फळ्या उचलल्या तेव्हा कळलं की नवीन लाकूड फारसं लागणार नाही. वरून करड्या पडलेल्या फळ्यांची खालची बाजू ऊन न बघितल्यामुळे तपकिरी, जवळजवळ नवीन होती. अशा वेळी फळी उलटी करून बसवतात. आम्ही सगळा डेक उलटा करायला घेतला.

चाचा रोज येत होता. त्याचे कागद व्हायला वेळ लागत होता, दंड माफ करून घेणं, मुदत संपलेल्या पासपोर्टऐवजी नवा, बाहेर जायची परवानगी. साहेबांचा माणूस त्यासाठी फिरत होता. साहेबांच्या घरी त्याला एसीची खोली दिली होती आणि त्यात त्याला झोप येत नव्हती. म्हणून तो आमच्याकडे येऊन उलट्या बादलीवर बसायचा आणि आमच्या सुतारांना, मुख्यतः पेशावरच्या रशीद भाईंना, नावं ठेवायचा. रशीद भाई त्याला ‘घरमालक’ म्हणायचे. घरमालक साहब, आपकी छत उतार दूँ? माझ्याशी तो पहिले दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातला खजूर पुढे केला.

त्या दोन बाणांच्या फळ्यांपाशी पोहोचल्यावर रशीद भाई थांबले. एक फळी हातात धरून मला म्हणाले, बाजी, ये किबला है, मक्के का निशान. पलटेंगे तो ग़लत तरफ़ हो जाएगा. त्यांना ते काही केल्या पटेना. मिसेस कोलच्या डेकवर कोण नमाज पढणार, असं अंकलनी म्हटलं, तरी ते फळी खाली ठेवेनात.

चाचा बादलीवरून उठला. त्याने रंधा मागितला. फळी दोन ओंडक्यांवर आडवी ठेवली आणि मक्केचा बाण रंधून काढला, सराईत हाताने, लांब लांब ढलप्या निघत होत्या. मग दुसरी फळी घेतली.

माझ्या मनात तो प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. मी सहसा विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, “चाचा, हा दुसरा कशाचा?”

“घरचा,” तो म्हणाला. “रात्री जाग आली नं, की आपण कुठं आहोत ते कळत नाय. मग त्याच्याकडं बघायचो.”

त्याने बाणावर अंगठा फिरवला. कोळसा फारसा निघाला नाही, लाकडात मुरला होता.

“राहू दे हवं तर,” मी म्हटलं.

“नको. उलटा झाला तर तोपण खोटा दाखवणार.” आणि त्याने रंधा लावला. या फळीला जास्त वेळ लागला. ढलप्या वाऱ्याने समुद्राकडे गेल्या.

पुढच्या शुक्रवारी साहेब स्वतः त्याला एअरपोर्टवर सोडून आले असं कळलं. मी त्याचा गावचा पत्ता मागणार होते. तो समोर बसलेला असताना मागितला नाही, मग तो गेला.

डेकला तेल पाजलं. मधासारखा रंग आला. फक्त मधल्या त्या दोन फळ्या रंध्याने खोल गेल्यामुळे फिकट राहिल्या. आम्ही परत तेल दिलं, फरक पडला नाही. मिसेस कोलनी ते लगेच हेरलं. तक्रार साहेबांच्या ऑफिसात गेली आणि तिथल्या नव्या मॅनेजरने आम्हाला चिठ्ठी पाठवली: दोन फळ्यांचा रंग जुळत नाही, त्यांची रक्कम बिलातून कमी करावी.

मी ती अंकलना वाचून दाखवली आणि वहीत त्यांचं ठरलेलं उत्तर लिहायला घेतलं. धिस इज वूड, इथपर्यंत लिहून झालं होतं. अंकलनी बिल माझ्या हातातून ओढून घेतलं, पेनने जुना आकडा खोडला आणि खाली नवा लिहिला. ऑफिसने मागितली होती त्यापेक्षाही जास्त सूट. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी कुणासाठी, स्वतःच्या मेहुण्यासाठीसुद्धा, असं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

“बघतेस काय?” ते म्हणाले, आणि उठून शेडच्या मागे ॲसिडचे डबे मोजायला गेले, जे सकाळीच मोजून झाले होते. “टाइप कर.”